लक्ष कुठंय?

वयाच्या ३८ व्या वर्षी मला 'एडीएचडी' असल्याचं निदान झालं. कोड तासन्‌तास लिहितो, पण वीजबिल भरायचं राहतं, हे कोडं एकदाचं सुटलं! हे कळल्यावर भामरागडला शिक्षक असलेल्या मावसभावाचा फोन. "दादा, माझंही अस्संच आहे रे. कुठं दाखवू?"

मी पुण्यात रिक्षाने गेलो होतो. भामरागडचा संपर्क २०२४ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटला होता. शिवाय यात रक्त दिलं, रिपोर्ट आला, असं नसतं. मोठ्या माणसात निदान पाच लक्षणं लागतात, काही तरी बाराव्या वर्षाआधीपासूनची. म्हणून तर डॉक्टरांनी माझ्या आईला बोलावलं, जुनी प्रगतिपुस्तकं मागवली.

बोलायला फोन आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस', नंबर १४४१६, फुकट आणि मराठीतही. पण गोळीचं काय? मेथिलफेनिडेट अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे आणि २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अशी औषधं फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून देता येत नाहीत. म्हणजे ज्याला बसची वेळ पाळणं हेच दुखणं, त्यालाच सगळ्यात लांबचा प्रवास!

असो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने नागपूरला यायचं, मावशीलाही आणायचं, असं ठरलंय. तोवर रोज रात्री नऊला फोन करून दोघंही उद्याची तीनच कामं वहीत लिहितो. गोळीने माझं लक्ष लागतं खरं, पण ते कुठं लावायचं हे विचारणारं माणूस लागतंच की.