हुरडा अटॅक

माझ्या छातीत कळ आली ती रात्री पावणेदोनला, आणि तीही हुरड्याच्या दिवशी. अंबाजोगाईजवळ एका स्नेह्यांच्या शेतात हुरडा, दही, लसणाची चटणी आणि शेवटी आग्रहाचा गूळ, एवढा ऐवज मी पोटात जमा केला होता. पण कळ डावीकडे होती. डावीकडे दुखलं की माणसाला पोट आठवत नाही, विम्याचा हप्ता आठवतो.

"अहो, घाम आलाय का?" सौ.नं विचारलं. तिनं विचारल्यावर आला.

१०८ ला फोन गेला. गाडी आली, तिच्या आवाजानं गल्ली जागी झाली. शेजारचे नाना "धीर सोडू नका" असं अशा आवाजात म्हणाले, की होता तोही सुटला.

दवाखान्यात दहा तारा लावून माझ्या काळजाचे बारा आलेख काढले. ज्या आइंटहोवेनसाहेबांना या शोधाबद्दल १९२४ साली नोबेल मिळालं, त्यांच्या यंत्रापुढे रोग्याला हात मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. माझं घामावर भागलं.

तरुण डॉक्टर पट्टी बघून म्हणाले, "एसटी वर दिसतोय."

मराठवाड्याच्या माणसाला एसटी म्हणजे लाल डबा. ती उशिरा येते हे ठाऊक. वर गेलेली कधी ऐकली नव्हती. डॉक्टरांनी समजावलं : आलेखातला एक तुकडा वर चढला, की काळजाची रक्तवाहिनी बंद पडल्याची शंका घ्यायची. मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, जितकं लवकर तितकं बरं. मात्र त्यानं रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित मेंदूतही. म्हणजे हुरड्यावर ते देणं माझ्या जिवावर बेतू शकलं असतं. आणि काही निरोगी माणसांचा तो तुकडा जन्मभर जरा वरच असतो!

"जुनी पट्टी आहे?"

सौ.नं रेशनकार्डाच्या पिशवीतून माझ्या हर्नियाच्या वेळची पट्टी काढली. तीच चढण, तोच घाट. पट्टीचा फोटो मोठ्या डॉक्टरांना फोनवर गेला, थोड्या वेळानं पुन्हा आलेख निघाला, ट्रोपोनिनसाठी दोनदा रक्त घेतलं. सकाळी निकाल लागला : हृदय उत्तम, आहार अधम.

गल्लीनं माझं नाव 'हुरडा अटॅक' ठेवलं. नाना सर्वांत जास्त हसले.

महिन्याभरानं पहाटे नानांचा जबडा आणि डावा हात दुखू लागला. घाम सुटला. तरी ते दोन तास पलंगाच्या कडेला बसून राहिले. काकूंनी आम्हाला उठवलं तेव्हा म्हणाले, "गाडी नको. तुमच्यासारखं हसं व्हायचं."

मी गाडी बोलावली. नानांच्या पट्टीला जुन्या पट्टीची गरज लागली नाही. इंजेक्शन लागू पडलं, नाना वाचले. पण त्या दोन तासांत काळजाचा जो भाग गेला, तो परत आला नाही. आता जिना चढताना ते मधे थांबतात.

मला सर्वांत लागलं ते हेच. माझा गजर खोटा निघाला म्हणून काही बिघडलं नव्हतं. गल्ली हसली तिथं बिघडलं. खरा-खोटा निवडायला पट्टी आहे, रक्ताची तपासणी आहे, डॉक्टर आहेत. रोग्यानं ती निवड पलंगावर बसून करायची नसते. त्यानं गजर वाजवायचा, आणि जुनी पट्टी बरोबर न्यायची.

यंदा हुरड्याला नाना आले होते. माझ्या हातावर मोजून एक मूठ ठेवत म्हणाले, "घ्या. पट्टी आणलीय ना?"

दोघांच्याही खिशात होती.