मेस्ताचा कान

आमच्या घरात घड्याळं दोन, पण आजी वेळ मानायची ती घंटेची. घर आमचं हिंदू, वाडा मिसळीचा. चर्चची सकाळची, दुपारची नि तिन्हीसांजेची घंटा मात्र सगळ्यांची होती. दुपारची वाजली की आजी चुलीतली लाकडं मागे ओढायची. डोळ्यांना दिसेनासं झाल्यावर तिच्या रक्तदाबाच्या गोळ्याही घंटेवरच चालायच्या.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात घंटेचा आवाज बसला. ठण्ण करून लांबत जाणारा नाद गेला. फुटकं मडकं बडवल्यासारखी टकटक उरली. मग काही महिने कर्ण्यावर रेकॉर्ड लावली. "ही घांट नव्हे गो, रेडिओ," आजी म्हणाली, आणि दुपारची गोळी राहू लागली.

घंटेला तडा गेलाय, ती वितळवून नवी ओतावी, असं गावात बरेच जण म्हणू लागले. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. पण त्याच वेळी कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या घंटेची माहिती गोळा करत होते. ती मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. 1835 मध्ये मठ बंद पडले, पुढे ती इमारतही ढासळली. घंटा 1841 मध्ये आग्वादच्या दीपगृहात गेली, नि तीस वर्षांनी, 1871 मध्ये, पणजीच्या चर्चवर चढली. भीमाशंकरच्या देवळात तर 1729 सालची पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर ती तिकडे गेली, असं सांगतात. इतकी घरं बदलूनही त्या वाजतात. आमची तर जागची हललीसुद्धा नव्हती!

फादरनी शेवटी एका म्हाताऱ्या मेस्ताला बोलावलं. मला वर यायची परवानगी मिळाली. मनोऱ्याच्या पायऱ्यांवर कबुतरांची घाण, हाताला दोराची कुसळं. मेस्त लाकडी हातोडीने घंटेच्या कडेवर वीतभर अंतराने हलकेच ठोकत फिरला. "बाय, कान लाव. तडा असला तर आवाज तिथंच मरतो."

कुठंच मेला नाही.

दुखणं वेगळंच होतं. वरच्या तुळईला वाळवी लागून बोल्ट ढिले झालेले, लोलकाची कडी झिजून तो खाली उतरलेला, भलतीकडेच आपटणारा. शिवाय वर्षानुवर्षं त्याच दोन जागी मार खाऊन कडेला खळगे पडलेले. कासं म्हणजे साधारण चार वाटे तांबं नि एक वाटा कथील. नाद देतं, पण ठिसूळ. असंच वाजवत राहिलो असतो तर खरोखर तडा गेला असता. तुळई नवी घातली, कडी बदलली, आणि घंटा पाव फेरा फिरवून टांगली, म्हणजे लोलक कोऱ्या जागी लागेल. कडेवरची झिजलेली अक्षरं मेस्ताने मऊ फडक्याने पुसली, घासू दिली नाहीत. मला मात्र ती चकाचक करायची होती.

पहिल्या दुपारी घंटा वाजली तेव्हा मी मुद्दाम आजीजवळ बसले होते. शेवटचा नाद विरेपर्यंत ती गप्प होती.

"आवाज बदललाय."

माझा चेहरा पडला. मी पाव फेऱ्याचं समजावू लागले.

"बदलू दे," ती म्हणाली. "गोळी दे."