थोडक्यांत हरलों!

गेल्या सामन्यांत आमच्या शाळेचा संघ एका गोलानें हरला. तेव्हां नेहमींप्रमाणें आम्हीं मुलांस म्हटलें, "असूं द्या, थोडक्यांत हरलों!" त्यावर एका लहानशा खेळाडूनें नम्रपणें विचारलें, "सर, गेल्या वर्षींही आपण असेंच म्हणालां होतां ना?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या रात्रीं अमेरिकेंतील नेब्रास्का विश्वविद्यालयाच्या फुटबॉल संघाची हकीकत आम्हांस आठवली. ती वाचकांपुढें ठेवतों.

अमेरिकेंतील फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तेथें लांबट चेंडू हातांत घेऊन धांवतात व फेंकतात. या खेळांत नेब्रास्काचा दरारा मोठा होता. १९७०, १९७१, १९९४, १९९५ व १९९७ या सालांचें राष्ट्रीय अग्रपद त्यानें मिळविलें. टॉम ऑसबर्न हे १९७३ पासून १९९७ पर्यंत मुख्य प्रशिक्षक असतां संघानें २५५ सामने जिंकले व केवळ ४९ गमावले. लोकांचें प्रेमही असें कीं, लिंकन शहरांतील क्रीडांगणाचीं सर्व तिकिटें खपण्याचा १९६२ सालीं सुरू झालेला क्रम पुढें पडत्या काळांतही तुटला नाहीं. परंतु पेक्षागार भरलेलें असलें म्हणजे चालकांस झोंप लवकर लागते!

१९९७ च्या विजयी संघांतील स्कॉट फ्रॉस्ट हे २०१७ च्या अखेरीस प्रशिक्षक नेमले गेले. गांवाला आनंद झाला. पहिल्या हंगामांत ४ विजय व ८ पराभव पदरीं पडले. दुसरा हंगाम संपण्यापूर्वींच त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढविण्यांत आला! २०२१ सालीं ३ विजय व ९ पराभव. मात्र प्रत्येक पराभव दहांहून कमी गुणांनीं झालेला. पुन्हां तेंच समाधान: थोडक्यांत हरलों! चार साहाय्यकांस निरोप मिळाला. मुख्य मात्र कमी वेतनावर कायम राहिले. अखेर सप्टेंबर २०२२ मध्यें त्यांना दूर करण्यांत आलें. तोंवर १६ विजय व ३१ पराभव झाले होते.

तथापि माणूस बदलणें हाच उपाय, असेंही नव्हे. याच संस्थेनें २००३ सालीं ९ सामने जिंकून ३ हरलेल्या प्रशिक्षकास काढलें होतें, तरी गेलेलें वैभव परत आलें नाहीं. पूर्वजांच्या ढालींकडे बोट दाखवून आजच्या उणीवा झांकणें हाच खरा रोग होय. मुलाचें प्रगतिपुस्तक पाहून "दोनच गुणांनीं हुकलें" म्हणणाऱ्या पालकांसही तो जडतो.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलास बोलावून संघाचे दोष लिहावयास सांगितलें. बराच वेळ तो लेखणी हातांत धरून बसला. मग भीत भीत त्यानें पहिलें वाक्य लिहिलें: "सराव उशिरां सुरू होतो, कारण सर उशिरां येतात."

तो कागद आम्हीं मेजावर ठेवला आहे, आणि हल्लीं शिट्टी वेळेवर वाजते.