यंत्राची उलटतपासणी

मनुष्यास नवे घर लाभले की तो वास्तुशांत करतो, नवी गाडी लाभली की ती देवळापुढे नेऊन नारळ फोडतो, आणि गाणे ऐकविणारे नवे यंत्र लाभले की पाहुण्यांची वाट पाहू लागतो. पहिल्या दोन विधींस रूढीचा आधार आहे. तिसऱ्यास कसलाच नाही. तरी तो तितक्याच निष्ठेने पाळला जातो. पाहुणा येतो, चहा होतो, पावसापाण्याची चौकशी होते, आणि मग यजमान सहज आठवल्यासारखे करून म्हणतो, "जरा एक ऐकविण्यासारखे आहे." त्या 'सहज'मागे किती दिवसांची तयारी असते, हे त्याच्या घरच्या मंडळींसच ठाऊक!

आम्ही या संप्रदायातलेच. दिवसभर अशील आणि दस्तऐवज यांच्या सहवासात घालविल्यावर वाळपईच्या आमच्या घरी फिरती चकती, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर एवढाच आमचा दरबार. हल्ली मुठीतल्या मोबाईलमध्ये जगातले सारे संगीत मावते, मग हा पसारा कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. त्यात सत्तरीचा पाऊस म्हणजे तबकड्यांचा वैरी. श्रावण सरेपर्यंत वेष्टनांवर बुरशीचा पांढरा थर चढतो. तबकड्या आडव्या रचून ठेविल्या तर वाकतात, उभ्या ठेवाव्या लागतात. वीज गेली तर केव्हा परतेल याचा नेम नाही. पण ज्या वस्तूची निगा राखावी लागते, तिच्याकडे लक्षही राहते. तबकडी काढावी, पुसावी, सुई हळूच टेकवावी, आणि मग हात जोडल्यासारखे बसावे, ही सक्ती आम्हांस आवडते.

यंत्र दाखवायचे तर काय वाजवावे, हा खरा प्रश्न. आम्ही वकील, आमच्या मते ही यंत्राची उलटतपासणी आहे. यंत्र शपथेवर सांगते की, जे गायिले गेले तेच मी ऐकवितो. ते खरे बोलते की नाही, हे पाहण्यासाठी असा साक्षीदार हवा, ज्याच्यापुढे खोटे टिकत नाही. अशा तपासणीची परंपराही जुनी आहे. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून सुमारे दहा वर्षे गावोगाव जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर यंत्र आणि त्याच्या शेजारी गायिका. मध्येच दिवे मालवीत, आणि अंधारात गाते आहे ती बाई की यंत्र, हे श्रोत्यांनी ओळखावे. लोक थक्क होत. अ‍ॅना केस ही त्या प्रयोगांतील एक नामांकित गायिका. पुढे वृद्धपणी तिने सांगून टाकले की, आपण आपला आवाजच यंत्रासारखा करून गात होतो! यास आमच्या व्यवसायात साक्षीदार पढविणे म्हणतात. मनुष्याने यंत्रासारखे व्हावे आणि मग यंत्र मनुष्यासारखे झाले म्हणून टाळ्या वाजवाव्यात, हा प्रकार त्या काळाबरोबर संपला असे मात्र आम्हांस वाटत नाही.

आमच्या दरबारात साक्षीदार ठरलेले आहेत. पहिला मान १९६७ साली निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीचा. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार यांतून काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. संतुराच्या तारेवर लाकडी कलम पडते तो क्षण फार लहान आणि फार तीक्ष्ण असतो. हलक्या यंत्रावर तेथे भांड्यांच्या दुकानात मांजर शिरल्याचा भास होतो; चांगल्या यंत्रावर दवाचा थेंब पानावर पडावा तसा तो सूर पडतो आणि विरतो. कोणते वाद्य डावीकडे, कोणते उजवीकडे, हेही डोळे मिटून दाखविता येते. ही तबकडी पाहुण्यांस हमखास आवडते, कारण तिला कसलीच पूर्वतयारी लागत नाही. जो कोर्टात पहिल्यांदाच पाय ठेवतो, त्याच्यापुढे प्रथम सोपा साक्षीदार उभा करावा.

मग खर्जाची परीक्षा. पाश्चात्त्य शौकिनांस यासाठी तोफा लागतात. १९७९ साली टेलार्क कंपनीने चायकोव्हस्कीच्या '१८१२' या रचनेचे खऱ्या तोफांसह केलेले ध्वनिमुद्रण बाजारात आणले, आणि या आवाजाने तुमचे स्पीकर निकामी होतील असा इशाराही छापला. शौकिनांनी तो इशारा आमंत्रण समजून घेतला हे सांगणे नको! आम्हांस तोफ लागत नाही; तबल्याचा डग्गा पुरतो. मनगटाचा दाब देऊन घुमारा वर चढविला की त्यातून मींड निघते. वाईट यंत्र तेथे नुसते धप्प म्हणते. खर्ज मोठा असणे निराळे आणि खर्ज बोलका असणे निराळे. हा भेद जत्रेतल्या कर्ण्यांची सवय झालेल्या कानांस पहिल्याने उमगत नाही.

तिसरी साक्ष किशोरी आमोणकरांच्या भूपाची. भूप पाच स्वरांचा. मध्यम आणि निषाद त्यात नाहीत. इतके थोडके सामान असताना लपायला जागा उरत नाही, ना गाणाऱ्यास ना यंत्रास. पण आम्ही तेथे कान लावतो तो तंबोऱ्याकडे. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. त्यास जाणकार स्वयंभू गंधार म्हणतात. तो जवारीचा प्रसाद. ज्या यंत्रातून तो गंधार ऐकू येतो, ते सत्यवचनी समजावे. देवळातील स्वयंभू स्थानाप्रमाणे तो कोणी घडविलेला नसतो. स्वच्छता राखली तर आपण होऊन प्रकट होतो.

एकट्या बाईचा गळा ही यंत्राची सर्वांत कठीण परीक्षा, हा अनुभव केवळ आमच्याकडचाच नव्हे. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग हे शास्त्रज्ञ ध्वनी आटवून लहान जागेत बसविण्याची 'एमपी थ्री' ही पद्धत घडवीत असताना त्यांनी सुझान व्हेगा या गायिकेचे, कसलीही साथ नसलेले एक गीत कसोटीस लावले. वाद्यवृंदात जे दोष खपून जात, ते त्या साध्या गळ्यात उघडे पडले. ते गीत नीट उतरेपर्यंत त्यांस आपली पद्धत पुन्हापुन्हा सुधारावी लागली. गर्दीत खोटे लपते; एकांतात ते उघडे पडते.

म्हणून शेवटी आम्ही काढतो ती केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. गोव्यात केरी तीन आहेत: एक आमच्या सत्तरीतली, एक पेडण्याची समुद्राकाठची आणि एक फोंडे महालातली. केसरबाई या तिसरीतल्या. तासतासभर एक राग उलगडणाऱ्या या गायिकेस ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर मिळाली ती जेमतेम साडेतीन मिनिटे. ध्वनिमुद्रण एकपदरी, म्हणजे मोनो; डावे-उजवे काही नाही. पण तेच तर गंमतीचे. दोन्ही स्पीकर नीट मांडलेले असतील, तर आवाज त्यांपैकी एकातूनही येत नाही; तो दोहोंच्या मधोमध, रिकाम्या भिंतीपाशी उभा राहतो. तेथे कोणी नसते आणि तरी तेथूनच कोणीतरी गात असते.

हीच भैरवी अमेरिकेच्या 'व्हॉयेजर' यानांवर गेली. सोन्याचा मुलामा दिलेली, १२ इंच व्यासाची तांब्याची तबकडी. तिच्यासोबत सुई, आणि ती कशी वाजवावी याची आकृतीही कोरलेली. जगभरातल्या २७ संगीतरचनांत एक आमच्या फोंडे महालातली. दुसरे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी सुटले, पहिले ५ सप्टेंबरला. आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. २०१२ साली पहिले यान आणि २०१८ साली दुसरे सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडून गेले. मनुष्यजातीने परक्यांपुढे मिरविण्यासाठी म्हणून ज्या वस्तू निवडल्या, त्यांत हा गळा होता. आम्ही पाहुण्यांपुढे मिरवितो ते याहून फारसे निराळे नाही. आमचे पाहुणे तेवढे चहा घेतात.

येथे कित्येक पाहुणे म्हणतात, "आवाज फार खरखरतो, दुसरे काही लावा." आम्ही ते मनावर घेत नाही. पण एकदा आमच्या देवळात वर्षानुवर्षे पखवाज वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ आले होते. संतूर चालू असताना ते खिडकीबाहेर पाहत होते. भैरवी सुरू झाली तेव्हा मांडी सावरून बसले, आणि त्यांचा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला. तबकडी संपल्यावर म्हणाले, "यंत्र बरें, वकीलबाब. पूण आमच्या देवळांतलो नाद हांगां खंय?" त्यांच्या मनात तक्रार नव्हती. ते केवळ विचारीत होते.

तो प्रश्न आमच्या मनात राहिला, कारण त्याला दोन बाजू आहेत. हा नाद मुळात आला कोठून? केरकर, कुर्डीकर, मालपेकर, पर्वतकर ही आमच्या गायक-वादकांची नावे नव्हेत, ती गावे आणि देवस्थाने आहेत. ज्या घराण्यांकडे देवळाच्या चौकातील गाण्या-वाजविण्याची सेवा होती, त्या घरच्या मुलींस देवापुढे गाण्याचा अधिकार होता. गावाच्या पंक्तीत बसण्याचा नव्हता. गावाने त्यांस आडनाव दिले, मान दूरच्या शहरांनी दिला. आज त्याच गळ्यांनी आम्ही आपल्या यंत्राची किंमत सिद्ध करितो. तेव्हा निदान तबकडी लावण्यापूर्वी नाव नीट उच्चारावे, गाव सांगावे, एवढे ऋण आमच्याकडे निघते. आम्ही ते दर वेळी फेडतो, पाहुणा कंटाळला तरी.

मोगूबाई कुर्डीकरांची तबकडी लावताना तर हे सांगणे अधिकच अगत्याचे होते. १९०४ साली त्या सांगे महालातील कुर्डी गावी जन्मल्या. ते गाव साळावलीच्या धरणाखाली गेले. तेथील महादेवाचे प्राचीन मंदिर दगडदगड उतरवून दुसरीकडे पुन्हा उभारण्यात आले. माणसे वाडे आणि वालकिणी येथे वसली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वैशाखाच्या सुमारास जुन्या गावाचे जोते, वाटा, तुळशीवृंदावने वर येतात, आणि जुने रहिवासी तेथे जाऊन आपापली घरे ओळखतात. दगड हलविता आले. पाण्याखालच्या अंगणात कोणत्या वेळी कोण गुणगुणत होते, हे हलविता आले नाही. जे काही वाचले, ते गळ्यातून गळ्यात गेलेले: अल्लादिया खाँसाहेबांकडून मोगूबाईंकडे, मोगूबाईंकडून किशोरीबाईंकडे. तबकडी त्या वाटेवरची खूण आहे, वाट नव्हे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या देवस्थानच्या महाजनांपुढे एक सूचना आली. आठवड्याच्या भजनास पावसापायी माणसे जमत नाहीत. पेटीवाला म्हातारा झाला, टाळकरी तीनच उरले. तेव्हा एक चांगला ध्वनिसंच घ्यावा आणि नामांकित गायकांची भजने वाजवावीत; आवाज तरी गोड होईल. आरतीच्या वेळी नगारा आणि घंटा वाजविणारे विजेचे यंत्र अनेक देवळांत आलेच आहे, मग भजनानेच काय पाप केले? संचाची पारख आम्हांस आहे हे सर्वांस ठाऊक, म्हणून मत आम्हांसच विचारले गेले. सूचना मांडणारे हेतूने शुद्ध होते. तीन टाळकऱ्यांचे बेसूर भजन आणि उत्तम गायकाचे सुरेल भजन यांत निवड करायची, तर कानाचा कौल कोणाकडे जाईल हे उघड आहे.

आम्ही उभे राहून एवढेच सांगितले. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. यांत्रिक नोंदी आता सर्रास पुराव्यात येतात. पण कोणत्याही कायद्यात तबकडी फार तर पुरावा होते. पक्षकार होत नाही. आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणे घालतात. ज्याची अडचण त्याने समोर उभे राहायचे, आणि त्याच्या वतीने गाऱ्हाणे घालणाराही जिवंत माणूसच लागतो. मागच्या वर्षीचे गाऱ्हाणे मुद्रित करून यंदा वाजविले, तर चालेल काय? सभेत कोणीतरी हसले, आणि भजन हेही गाऱ्हाण्याचेच भावंड आहे हे आम्हांस निराळे सांगावे लागले नाही.

संच घेण्याचे ठरले नाही, आणि नाकारलेही गेले नाही. महाजनांच्या सभा अशाच संपतात. पण एक गोष्ट घडली. पखवाजवाल्या गृहस्थांनी शनिवारी संध्याकाळी मुलांस ठेका शिकविण्याचे मनावर घेतले, आणि जुन्या गायकांची भजने मुलांच्या कानी पडावीत म्हणून आमच्या यंत्रास तेथे बोलावणे आले. आता सहा-सात पोरे येतात. आम्ही तबकडी लावतो, मुले ऐकतात. मग यंत्र बंद करितो आणि मुले म्हणतात. सूर घसरतात, लय पळते, म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर थाप मारून ती परत आणतात.

यंत्राची परीक्षा कशी करावी, असे आम्हांस आता कोणी विचारले, तर संतूर, डग्गा, तंबोरा हे सारे आम्ही सांगतोच. कारण ते खरे आहे. त्यापुढे एक कलम मात्र नव्याने जोडले आहे. उत्तम यंत्र ते, जे बंद केल्यावर खोलीतल्या एखाद्यास गावेसे वाटते. ही कसोटी वाळपईच्या त्या सहा-सात पोरांनी लावली, आणि आमचे यंत्र, साधारण गुणांनी का होईना, तीत उतरले.