नंतरचा कुत्रा

कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचे गाव आहे. तेथे एका कुत्र्याच्या स्मरणार्थ इ. स. 950 च्या सुमारास उभारलेला शिलालेख सापडला. तो आता बंगळूरच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. तक्कोलमच्या लढाईतील पराक्रमावर प्रसन्न होऊन गंग राजा बुतुग याने मनलेर नावाच्या वीराला वर मागावयास सांगितले, तेव्हा मनलेराने राजाचा 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे एका रानडुकराशी झुंजताना कुत्रा आणि डुक्कर दोघेही मेले. मनलेराने दगड उभारला, ती झुंज त्यावर कोरविली आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. राजांची युद्धे आणि एका कुत्र्याचे मरण एकाच शिळेवर शेजारी-शेजारी नांदत आहेत. एक गोष्ट मात्र ती शिळा सांगत नाही. मनलेराने त्यानंतर दुसरा कुत्रा पाळला की नाही?

आमच्या साताऱ्याजवळही, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला, शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची म्हणून एक समाधी दाखवितात. त्याने महाराजांना वाघापासून वाचविले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. आमच्या कुत्र्याचे नाव खंडू ठेवले ते त्यावरून नव्हे. माझ्या आईची पालीच्या खंडोबावर श्रद्धा होती, आणि देवाजवळ कुत्रा असतोच, एवढेच तिचे तर्कशास्त्र होते. साधा गावठी कुत्रा. चौदा वर्षे आमच्याकडे राहिला आणि 2022 च्या श्रावणात मूत्रपिंडे निकामी होऊन गेला. शेवटचे बारा दिवस रोज कातडीखाली सलाईन द्यावे लागे. पत्नी बाटली उंच धरून उभी राही, आणि तो आपल्याला काय करीत आहेत हे न कळूनही मान तिच्या पावलावर टेकवून पडून राही. परसात पारिजातकाखाली त्याला पुरले.

माणूस गेले की काय करायचे ते ठरलेले असते. सुतक असते, दहावा-तेरावा असतो, भेटीला येणारी माणसे असतात. आपल्या श्राद्धात पंचबलीमध्ये श्वानाचा वाटा काढून ठेवतात. खुद्द श्वानासाठी मात्र काहीच नाही. शेजारी म्हणाले, "आता दुसरं आणा एखादं." त्यात दुष्टावा नव्हता. पण त्या 'एखादं' या शब्दाने पत्नी आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही.

महाप्रस्थानिक पर्वातील युधिष्ठिर मला या काळात पुन्हा भेटला. द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले, तरी तो मागे वळला नाही; आणि मागून चालत आलेल्या एका कुत्र्यासाठी मात्र स्वर्गाच्या रथापाशी अडून बसला. आश्रिताला टाकणे हे घोर पाप, असे त्याने इंद्राला सुनावले. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला, हे मला वाचक म्हणून नेहमीच थोडे खटकत आले आहे. तो नुसता कुत्राच निघाला असता तर गोष्ट अधिक मोठी झाली असती. पत्नीचा पक्ष युधिष्ठिराचा होता. जो गेला त्याची जागा दुसऱ्याला देणे म्हणजे त्याला वाटेत टाकणे. माझ्याजवळ यावर उत्तर नव्हते. घरात संध्याकाळ झाली की जो रितेपणा दाटे, तेवढा मला सोसत नव्हता.

असे दीड वर्ष गेले. 2024 च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, यवतेश्वरच्या पठारावरून दूध घालायला येणाऱ्या गवळ्याने किटलीबरोबर एक पिलू आणून ओट्यावर ठेवले. त्याची आई घाटात गाडीखाली सापडली होती.

"नको रे बाबा," पत्नी म्हणाली, "आता पुन्हा ते सगळं नको."

"काकू, दोन दिस ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "थंडीनं मरंल न्हाई तर."

दोन दिवसांचाच करार होता. पिलू जेमतेम पाच आठवड्यांचे; खरे तर आठ आठवडे आईपासून तोडू नये असे पशुवैद्य म्हणाले. गाईचे दूध दिले तर त्याला पातळ झाले, म्हणून मऊ भात आणि उकडलेले अंडे सुरू झाले, आणि आमच्या सोवळ्या स्वयंपाकघरात अंड्यासाठी एक वेगळे पातेले आले. जंताचे औषध झाले. पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी दुसरी, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची. करारातले दोन दिवस कधी उलटले, याचा उल्लेख कोणीच केला नाही. रात्री ते रडे. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवण्यासाठी कोण उठत असे, हे मी अंथरुणातून पाहत असे. मात्र खंडूचे ताट तिने त्याला दिले नाही. ते धुऊन माळ्यावर गेले. हाक मारायची वेळ आली की ती "ए पोरा" म्हणे. नाव ठेवायला तिने चैत्र उजाडू दिला, आणि ते ठेवले तेही अगदी निराळे: बंड्या.

मागच्या पडवीत भिंतीवर एक तेलकट काळसर डाग आहे. खंडू चौदा वर्षे तिथे अंग टेकून बसे. पिलाने पहिल्या दिवशी घर हुंगत हुंगत त्या डागापाशी येऊन जे थबकणे केले, ते मी विसरणार नाही. बराच वेळ ते नाक भिंतीला लावून उभे होते. आम्हा दोघांना तिथे फक्त डाग दिसतो. खंडूचा वास कसा होता हे आठवायचा मी प्रयत्न करतो; ओल्या मातीसारखा, असे शब्द सापडतात, वास सापडत नाही. दीड वर्षानंतर त्या भिंतीत काही उरले होते की नाही, देव जाणे. पण उरले असलेच, तर या घरात खंडूची अजून गाठ पडत होती ती एकट्या त्या पिलाची. पत्नी दारात उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही. त्या रात्री पिलाचे गोणपाट स्वयंपाकघरातून पडवीत आले.

यंदा दिवाळीआधी रंगारी आला. पडवी रंगवायला घेताना त्याने विचारले, "काकू, इथं दोन डाग हायेत. एक वर, एक वीतभर खाली. दोन्ही घासू का?"

बंड्या खंडूहून अंगाने लहानच राहिला आहे.

"वरचा राहू दे," ती आतूनच म्हणाली. "खालचा घास. तो परत होईल."