पहिलीचा वर्ग सगळ्यात आधी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्या लवकर उघडू नयेत, असं आमच्या केंद्रात सगळ्यांत ठामपणे म्हणणारा मी होतो. ऑनलाइन भरलेल्या शिक्षण परिषदेत बोललो, शाळा व्यवस्थापन समितीत बोललो, पालकांना दारात उभं राहून सांगितलं. "पोरं जगली तर शिकतील," हे वाक्य मी त्या काळात अनेकदा उच्चारलं आणि त्यात मला कसलीच शंका वाटत नव्हती. आज माझं मत बरोबर उलट आहे. पुन्हा अशी साथ आली तर पहिली ते चौथीचे वर्ग सगळ्यात शेवटी बंद करावेत आणि सगळ्यात आधी उघडावेत, असं मला वाटतं. माझं मत इथवर कसं आलं ते लिहितो, कारण पुढच्या साथीत निर्णय घेणारी माणसंही आमच्याइतकीच घाबरलेली असतील.

आमची शाळा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षकांची. दसरा झाला की गावातली बरीच घरं कुलूपबंद होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि सहा महिने कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर ऊसतोड. राहायला कोपी. या लोकांची मुलं गावात राहावीत, शाळेत टिकावीत म्हणून आमच्याकडं हंगामी वसतिगृह चालतं. मुलं आजीजवळ किंवा नातेवाइकांकडं झोपतात आणि दोन वेळचं जेवण वसतिगृहात घेतात. ही व्यवस्था बसायला वर्षं लागली. दर हंगामाच्या तोंडावर आईबापांना समजावून एकेक मूल गावात ठेवून घ्यावं लागतं. शाळा बंद करणं म्हणजे नुसता फळा आणि खडू बंद करणं नव्हतं, ही सगळी वीणच त्यानं उसवणार होती. मला हे कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण त्या मार्चमध्ये डोळ्यांसमोर फक्त मरण होतं.

ती भीती खोटी नव्हती आणि तिच्याबद्दल मी आजही हलकं बोलणार नाही. आजार नवा होता, औषध नव्हतं, लस नव्हती. आमच्या गावच्या माणसाला व्हेंटिलेटर लागला तर बीड नाहीतर अंबाजोगाई, आणि मध्ये घाटरस्ता. गाळप हंगाम संपत आला होता आणि आमची माणसं कारखान्यांवर अडकली होती. १७ एप्रिल २०२० ला सरकारनं परवानगी दिली तेव्हा राज्यात ३८ कारखान्यांवर १ लाख ३१ हजारांवर ऊसतोड कामगार घरी जायची वाट बघत होते. ते परतले तेव्हा गावोगाव वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या होत्या. आमच्याही. माझी ड्यूटी चेकपोस्टवर लागली होती आणि काट्या टाकणाऱ्यांना माझा पाठिंबा होता. आलेल्यांना काही दिवस शाळेच्या खोल्यांत ठेवलं. त्यांच्याच पोरांच्या बाकांवर त्यांची बोचकी होती. पहिले दोन-तीन महिने हे सगळं करण्यावाचून दुसरा मार्ग आम्हाला दिसत नव्हता, आणि तेव्हाच्या माहितीवर तो निर्णय योग्य होता असंच मी आजही म्हणेन.

माझं मत बदललं ते त्यानंतरच्या काळाबद्दल.

जून उजाडला. राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेची 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. मी ती न चुकता पुढं पाठवायचो. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. मनापासून बनवलेली मालिका होती ती. पण ज्या घरात टीव्ही नाही, किंवा आहे आणि वीज नाही, तिथं ती पोचत नव्हती. स्मार्टफोन असायचा तो बापाच्या खिशात. दसऱ्यानंतर बाप फडावर गेला की फोनही गेला. आणि त्या वर्षी मूलही गेलं. शाळा बंद, त्यामुळं आमच्याकडं वसतिगृहही सुरू झालं नाही. एक आई मला म्हणाली, "गुरुजी, हितं ठेवून काय करू? म्हातारीला दिसत नाही. फडावर निदान माझ्या नजरेसमोर राहील." मला उत्तर सुचलं नाही. मी तिला मास्क दिले आणि पोराला गर्दीत नेऊ नका म्हणालो. ते पोर पहिलीतलं. शाळेत एक दिवसही न बसलेलं.

आता त्या काळातल्या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. मी त्या नंतर बघितल्या. ५ ऑक्टोबर २०२० ला राज्यातली हॉटेलं आणि बार उघडले. १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, मंदिरं उघडली. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीच्या वर्गांना परवानगी मिळाली, २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीच्या. मग दुसरी लाट आली आणि पुन्हा सगळं बंद झालं. पहिली ते चौथीचे वर्ग या सगळ्यात एकदाही उघडले नाहीत. ते उघडले १ डिसेंबर २०२१ ला. वीस महिन्यांहून जास्त काळ. ज्यांना स्वतःहून वाचता येत नाही, फोन हाताळता येत नाही, ज्यांना शिकायला समोर माणूसच लागतो, त्यांची शाळा सगळ्यात जास्त काळ बंद राहिली.

यातला एक दिवस माझ्या मनातून जात नाही. १५ जानेवारी २०२१ ला राज्यभर ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या. मतदान केंद्र अर्थातच शाळेत. आदल्या दिवशी वर्ग झाडला, बाक हलवले, व्हरांड्यात अंतरासाठी चुन्यानं गोल आखले, निर्जंतुकीकरण केलं. दिवसभर सगळं गाव त्या खोलीतून गेलं, म्हातारीकोतारी सुद्धा, मुंबई-पुण्याहून मुद्दाम मतदानाला आलेली सुद्धा. व्यवस्था चांगली झाली, कुणी तक्रार केली नाही. संध्याकाळी पेट्या रवाना झाल्यावर मी त्या गोलांकडं बघत होतो. हे गोल मी माझ्या पोरांसाठी का आखले नव्हते? एवढ्या मोठ्या माणसांना या खोलीत आणणं जमत होतं, तर पहिली-दुसरीची दहा-बारा पोरं आळीपाळीनं आणणं का जमत नव्हतं? तोवर एवढं तर सगळ्यांनाच कळलं होतं, की लहान मुलांना हा आजार क्वचितच गंभीर होतो. मुलांकडून घरातल्या म्हाताऱ्यांना लागेल, ही माझी मुख्य काळजी होती. पण त्याच म्हाताऱ्यांना आम्ही स्वतः गाडीत बसवून मतदानाला आणलं होतं.

त्याआधी, पावसाळा ओसरल्यावर, माझ्याबरोबरच्या तरुण शिक्षिकेनं मारुतीच्या पाराजवळच्या लिंबाखाली मुलं बसवायला सुरुवात केली होती. चार-पाच मुलांचा एक गट, तास-दीड तास, गाणी, गोष्टी, चिंचोक्यांनी बेरीज-वजाबाकी. मी तिला थांबवलं. वरून आदेश नाही, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, हे माझं म्हणणं. ती एवढंच म्हणाली, "सर, झाडाखाली काय होणार आहे?" वयानं आणि नोकरीनं मी मोठा, तिनं ऐकलं. विज्ञानाच्या दृष्टीनं तिचाच प्रश्न नेमका होता. हा विषाणू मुख्यतः हवेतून, कोंदट बंद जागेत पसरतो हे पुढं स्पष्ट होत गेलं. आम्ही मात्र तेव्हा वह्यांवर सॅनिटायझर मारत होतो, दप्तरं उन्हात ठेवत होतो आणि सभा घेताना खिडक्या लावून बसत होतो. डेन्मार्कनं १५ एप्रिल २०२० लाच, पहिल्या लाटेत, सगळ्यात लहान मुलांच्या शाळा आणि पाळणाघरं आधी उघडली आणि बरेच वर्ग उघड्यावर भरवले, हे मी नंतर वाचलं. त्यांच्याकडं पैसा आहे, दवाखाने आहेत, हे खरं. पण उघडं माळरान आणि झाडाची सावली यांसाठी डेन्मार्कचा पैसा लागत नाही. ते आमच्याकडं त्यांच्यापेक्षा जास्त आहे आणि वर्षातले आठ महिने पाऊसही नसतो.

माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची, तिच्या आईकडून ऐकलेल्या. उंदीर पडायला लागले की माणसं गावठाण सोडून रानात जायची, पाल्याच्या झोपड्या घालून महिनोन् महिने राहायची. चूल तिथं, जनावरं तिथं, लग्नंसुद्धा तिथंच. त्या लोकांनी साथीत जगणं थांबवलं नव्हतं, हलवलं होतं. कुठली जागा धोक्याची आणि कुठली नाही, हे त्यांनी बघितलं आणि जगणं धोक्याच्या जागेतून उचलून मोकळ्यावर नेलं. निर्बंध पाळायचे आणि रोजचं आयुष्यही चालवायचं, या दोन्हींचा मेळ मला आता त्यात दिसतो. आम्ही विचारलं, "उघडायचं की बंद ठेवायचं?" विचारायला हवं होतं, "कुठं भरवायचं, किती जणांना, कोण शिकवणार?"

हा बदल सरळ रेषेत झाला असं मी सांगणार नाही. जानेवारीत मनात आलेली शंका एप्रिल २०२१ मध्ये पार विझली. दुसऱ्या लाटेत आमच्या केंद्रातले एक सहकारी गेले. पन्नाशी ओलांडलेली, साखरेचा त्रास, ऑक्सिजनच्या खाटेसाठी घरच्यांनी रात्रभर फोन केले. त्यांच्या अंत्यविधीला आम्ही जाऊ शकलो नाही. त्यानंतरचे काही महिने शाळा हा शब्द कुणी काढला तरी मी चिडायचो. शांत डोक्यानं विचार करायला पावसाळा लागला. तेव्हा लक्षात आलं की दुसरी लाट आली तेव्हा आमचे वर्ग बंदच होते. एक दिवसही उघडलेले नव्हते. ती लग्नांतून, बाजारांतून, प्रवासातून, प्रचारातून गावात आली. पहिलीचा वर्ग बंद ठेवून आम्ही माझ्या सहकाऱ्याला वाचवू शकलो नव्हतो. त्यांच्या जाण्याचं दुःख मी त्या वर्गाला कुलूप ठेवण्याच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरत होतो, आणि तो तसा पुरावा नव्हता.

डिसेंबरमध्ये शाळा उघडली. जून २०२० ला पहिलीत नाव घातलेली मुलं आली ती दुसरी अर्धी संपवून. त्यांनी वर्ग आतून पहिल्यांदाच बघितला. टाळेबंदीआधी पहिलीत असलेली आता तिसरीत होती. त्यांना तेव्हा येत होती ती अक्षरंही पुसून गेली होती. फडावरून परतलेल्या एका मुलाला मोळ्या मोजता येत होत्या, टायरगाडीत किती मावतात ते सांगता येत होतं, वाढ्याची पेंढी बांधता येत होती. स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. हा एका शाळेचा अनुभव आहे असं कुणी म्हणू नये. 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली. मुळात कमी होती, त्यातूनही एवढी गळाली. आमच्याच शाळेतून चौथी होऊन पुढं गेलेल्या एका मुलीचं या काळात लग्न लावून दिलं. शाळा चालू असती तर कुणीतरी विचारलं असतं, ती आज का आली नाही. रोजची हजेरी घेणं हे संरक्षण असतं, हे इतकी वर्षं हजेरी घेऊनही मी कधी मनात आणलं नव्हतं.

एक सांगितलं पाहिजे. माझं मत बदललं याचा अर्थ 'कोरोना वगैरे काही नव्हतं, उगाच घाबरवलं' म्हणणाऱ्यांत मी जाऊन बसलो असा नाही. महाराष्ट्रात या आजारानं १ लाख ४८ हजारांवर माणसं गेल्याची नोंद आहे आणि त्यांतल्या एकाला मी रोज भेटत होतो. लग्नांतल्या माणसांवर मर्यादा, जत्रा बंद, बंद जागेत मास्क, लस, यांतल्या कशालाही मी आजही विरोध करणार नाही. उलट मुलांचे वर्ग चालू ठेवायचे तर मोठ्यांनी आपल्या गर्दीवर जास्त बंधनं घालून घ्यायला हवीत. समाजानं किती धोका पत्करायचा याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा आम्ही मोठ्यांनी आधी आपल्यासाठी वापरून टाकली. लहानांच्या वाट्याला काही उरलं नाही, कारण त्यांच्या बाजूनं मागणी करायला कुणी नव्हतं. शिक्षक म्हणून ते काम माझं होतं.

केंद्रातले काही शिक्षक आजही माझ्याशी वाद घालतात. त्यांतल्या एका बाईंचा मुद्दा मी मनापासून ऐकतो: त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, मुलांतून आजार घरी नेला असता तर? त्यांना वर्गावर जायला लावावं असं मी कधीही म्हणणार नाही. म्हणूनच या वर्षी मी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढं एक कागद ठेवला. साथ आली तर वर्ग पाराजवळ आणि मैदानात भरतील, पावसात फक्त व्हरांड्यात. एका वेळी एकच गट. पन्नाशीपुढचे, आजारी, किंवा घरी आजारी माणूस असलेले शिक्षक फोनवरून पालकांशी बोलतील, शिधावाटप आणि नोंदी बघतील. गावातली बारावी झालेली मुलं-मुली मानधनावर गट घेतील. शाळा बंद करायची वेळ आलीच तर ती कशावर उघडणार आणि पुढची बैठक कधी, हे त्याच ठरावात लिहिलं जाईल, आणि ती बैठक दर पंधरा दिवसांनी होईल. गावात हॉटेल, मंगल कार्यालय किंवा मतदान केंद्र उघडं असेल तर पहिलीचा वर्गही उघडा असेल. आणि हंगामी वसतिगृह, काहीही झालं तरी, मुकादमाच्या गाड्या गावात यायच्या आत सुरू होईल.

समितीनं पहिले मुद्दे मान्य केले. वसतिगृहाचं अजून ठरलेलं नाही. पैसा जिल्ह्यातून येतो, तो साथीच्या काळात येईल याची हमी गाव देऊ शकत नाही, असं सरपंचताईंचं म्हणणं आहे आणि ते चुकीचं नाही. तेवढ्यासाठी मी आता पंचायत समितीत अर्ज दिला आहे.