रंग कुठे राहतो?

भंडारा जिल्ह्यात धान पिकतं, त्यामुळे राइस मिलही ठिकठिकाणी. अशाच काही मिलसाठी मी एक वेब-ॲप्लिकेशन सांभाळतो. धानाची आवक, काटा, कट्टे, हमाली, बिल, सगळा हिशेब त्यात. अँग्युलरमधला कोड सर्वांना एकच. रंग मात्र ज्याचा त्याचा. तुमसरचे मालक हिरव्यावर अडलेले, साकोलीचे निळ्यावर. त्यामुळे माझ्या कामातला मोठा प्रश्न रंग निवडण्याचा नाही, तो कुठे ठेवायचा याचा आहे.

सुरुवातीला सगळ्यांना एकच उपाय सुचतो. ‘थीम’ नावाची सॅस फाइल करायची, तिच्यात रंग, बटणं, तक्ते भरायचे आणि ती प्रत्येक कॉम्पोनंटच्या स्टाइलशीटमध्ये ओढायची. पण अँग्युलर प्रत्येक कॉम्पोनंटची स्टाइलशीट स्वतंत्रपणे कंपाइल करतं. कॉम्पोनंट चाळीस असतील, तर बटणाचा तोच नियम चाळीसदा उतरतो आणि दर प्रतीला त्या त्या कॉम्पोनंटची खूण चिकटते. २०१९ साली सॅसमध्ये ‘यूज’ आलं. ते एका कंपाइलमध्ये फाइल एकदाच घेतं खरं, पण इथे कंपाइलच चाळीस!

म्हणून मी फाइलींची वाटणी करतो. जिच्यातून सीएसएसची एकही ओळ बाहेर पडत नाही, म्हणजे जिच्यात नुसती व्हेरिएबल, फंक्शन, मिक्सिन आहेत, ती कुणीही कितीदाही ओढावी. जिच्यातून नियम बाहेर पडतात, ती ॲप्लिकेशनच्या मुळाशी एकदाच लावावी.

सॅसचं व्हेरिएबल बिल्डमध्येच विरघळतं, ब्राउझरपर्यंत पोचत नाही. मिलप्रमाणे रंग बदलायचा तर कस्टम प्रॉपर्टी हवी. ती मुळाशी एकदा लिहिली की वारशाने खाली उतरते, कॉम्पोनंटचं कुंपण तिला अडवत नाही. तिथेही मी नावांचे दोन थर ठेवतो. खाली कच्चे रंग: हिरवा-६००, लाल-५००. वर त्यांची कामं: मुख्य-कृती, इशारा, पृष्ठभाग. कॉम्पोनंटने फक्त कामाचं नाव घ्यायचं.

याचा खरा कस लागला तो एका मालकाने लाल रंग मागितला तेव्हा. सरकारी खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. त्यावर गेला की आमच्या आवक-तक्त्यातली ती ओळ लाल होते. आता ‘बिल करा’ हे बटणही लाल झालं, तर काट्यावरच्या मुनीमजींनी कशाकडे बघून थांबायचं? कामं वेगळी नोंदलेली होती म्हणून मुख्य-कृती लाल झाली आणि त्या मिलपुरता इशारा गडद नारिंगीवर गेला. आवक-तक्त्याच्या कोडला हातही लावावा लागला नाही.

रंगाइतकीच लिपीही थीममध्ये लागते. इंग्रजीसाठी घडवलेल्या तयार थीममध्ये मथळ्यांना अक्षरांतलं अंतर वाढवून दिलेलं असतं; देवनागरीत त्याने शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींची उंची कमी ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. म्हणून अक्षरांतलं अंतर आणि ओळीची उंची हेही भाषेनुसार थीमच ठरवते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १, हा वेबचा सुगम्यतेचा निकषही तिथेच पाळतो. मे महिन्यात उघड्यावर मोबाइल धरला की त्याची किंमत कळते.

आमच्या मोहाडीकडच्या करवतकाठी साडीत कोशाच्या अंगाला एक धोटा आणि दोन काठांना दोन असतात. अंगाचा बाणा काठात शिरत नाही, तरी दर फेरीत दोघं एकमेकांत अडकतात. कॉम्पोनंट आणि थीम यांच्यात मला एवढंच नातं हवं असतं: कॉम्पोनंटने मांडणी पाहावी, थीमने रूप, आणि दोघांची गाठ फक्त ठरलेल्या नावांवर पडावी.

ही शिस्त नुसत्या सांगण्याने टिकत नाही. घाईत कुणीतरी रंगाचा कच्चा आकडा कॉम्पोनंटमध्ये लिहितोच. म्हणून आमच्याकडे असा आकडा सापडला की बिल्डच अडतं. थीम जमली का, हे मी स्क्रीन बघून ठरवत नाही. नवी मिल आली की किती फाइली उघडाव्या लागतात ते मोजतो. उत्तर एक असलं पाहिजे.